हा आवाज कोणाचा काढलास?

थांबा, आधीच सांगून टाकतो. तुम्हाला वाटत असेल, आता एक बिघडलेला पोरगा येणार. त्याला भयानक आजार होणार, डॉक्टर हात वर करणार, पाळकसाहेब डोक्यावर हात ठेवणार, खोलीत उजेड पडणार आणि गाठ गायब. शेवटी सगळे आमेन म्हणणार, मग चहा-समोसा.

सॉरी यार. यातला फक्त चहा-समोसा खरा आहे.

माझी गाठ डॉक्टरांनी कापून काढली. गळ्यावर खूण आहे, येऊन बघा. आणि बिघडलेला म्हणाल, तर तेवढी सोयच नव्हती. आमच्या ग्वाल्हेरच्या दाना ओलीतल्या पोराने गल्लीच्या या टोकाला सिगारेट पेटवली, तर त्या टोकाला त्याच्या आईला खोकला येतो.

मग लिहितोय कशाला? कारण गाठ सापडली तेव्हा मी मोबाइलवर मिळेल ते वाचत सुटलो होतो. डॉक्टरांनी लिहिलेलं कळत नव्हतं. विश्वासणाऱ्यांनी लिहिलेलं कळत होतं, पण त्यात कोणालाच भीती वाटत नव्हती. सगळे एकदम शांत, प्रभूच्या हाती वगैरे. माझा तर पाय हलायचा थांबत नव्हता. म्हटलं, ज्याची जाम टरकली होती अशा एखाद्याने लिहिलेलं पण काहीतरी असावं.

माझा धंदा

मी आशिष. घरात अशू. आजोबा नगरकडून इथे मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून आले आणि इथलेच झाले. पप्पांची नोकरी जवळच्या डबरा गावात, म्हणून माझी शाळाही डबऱ्याची. तिथे मास्तर आधी मारायचे आणि नाव नंतर विचारायचे. आता आम्ही शहरातल्या लश्कर भागात, दाना ओलीत राहतो. ग्वाल्हेरात मराठी माणसं पुष्कळ, पण मराठी आणि ख्रिस्ती म्हणाल तर आम्ही सगळे एका टेम्पोत मावतो. पिकनिकला मावलो होतो.

दिवसा मी सिटी सेंटरला मोबाइलच्या दुकानात असतो. लग्नाच्या सीझनमध्ये मात्र स्टेजवर. नवरदेवाच्या रुसलेल्या फूफाजींची, म्हणजे आत्याच्या नवऱ्याची, नक्कल करायची असली की लोक मला बोलावतात. पण माझा खरा हिट आयटम म्हणजे आमच्या चर्चचे पाळकसाहेब. आधी "अहं" करून घसा साफ, मग टाचांवर थोडं उंच होणार, आणि मग, "हे दयाळू, कृपाळू, स्वर्गीय बापाऽऽऽ, तुला ठाऊकच आहे, बापा, की भक्तीनंतर खुर्च्या कोणी उचलून ठेवत नाही..."

घरी जेवणाआधी कोणी म्हटलं, "अशू, आज तू प्रार्थना कर," की मी पाळकसाहेब चालू. आई डोळे मिटून हसू दाबायची. पप्पा आमेन म्हणून भाजी ओढून घ्यायचे. मला वाटायचं, प्रार्थना येते आपल्याला. अडायचं तर कुठेच नाही.

अच्छा वाला

गाठ आईने पकडली. एका लग्नाचा व्हिडिओ बघत होती.

"अशू, तू फूफाजी करतोस तेव्हा गळ्यात वरखाली काय होतं?"

"कंठमणी, आई."

"तो मधे असतो रे. हे बाजूला आहे."

मग सोनोग्राफी, मग सुई घालून तपासणी. रिपोर्टच्या दिवशी डॉक्टर मॅडम फार गोड बोलल्या. गोड बोलल्या म्हणूनच मी घाबरलो. "देखिए, थायरॉइड का कैंसर है, लेकिन अच्छा वाला है."

अच्छा वाला! हे म्हणजे घरात चोर शिरलाय, पण स्वभावाने चांगला आहे.

पप्पा भिंतीवरचं कॅलेंडर बघत राहिले. आईने पर्सची चेन उघडली, लावली, उघडली, लावली. मी विचारलं, "मॅडम, काढायची तर काढा. पण आवाज?"

"आवाज़ की नस बिल्कुल साथ में चिपकी रहती है. हम बचाते हैं. अक्सर बच जाती है."

अक्सर. म्हणजे बहुतेक वेळा, दर वेळी नाही. बाकी काय बोलल्या ते मला आठवत नाही. घरी परतताना शेअर टेम्पोत मी तोच शब्द त्यांच्याच सुरात म्हणत होतो, अक्सर, अक्सर, शेवटी आई ओरडली, "बंद कर ते!" शेजारच्या बाई सरकून बसल्या. टेम्पोत जेवढं सरकता येतं तेवढं.

आईने तो कॅन्सर शब्द आजपर्यंत उच्चारलेला नाही. ती "ते" म्हणते. "त्याची फाइल घेतलीस का?" "त्याची गोळी झाली का?"

आत्या

पप्पांची मोठी बहीण, माझी आत्या, बातमी कळताच तेलाची बाटली घेऊन आली. तिच्या ओळखीच्या एका प्रचारकाने प्रार्थना करून दिलेलं तेल.

"सुरी लावायची नाही," ती म्हणाली. "सुरी लावली म्हणजे विश्वास कमी पडला. उपास धर, तेल लाव, गाठ विरघळेल."

पप्पा म्हणाले, "ताई, आपले वडील आयुष्यभर दवाखान्यात औषधं देत होते. त्यांचा विश्वास कमी होता का?"

"ते वेगळं."

"काय वेगळं?"

मग दोघं इतकी भांडली, की खालच्या मजल्यावरून विचारणा झाली, सब ठीक है? मला घरात बसवेना. जिना उतरायचो, चौकापर्यंत जायचो, परत यायचो, चप्पल काढायचो, परत घालायचो. आई भांडणात कोणाच्याच बाजूने बोलली नाही. पण झोपायच्या आधी हळूच येऊन तिने गळ्याला ते तेल लावलं. मी लावू दिलं. तिला मी काय म्हणणार?

आणि ऑपरेशनची तारीख पण तिनेच घेतली.

बाजूचा पलंग

वॉर्डचं रुटीन सोपं आहे. पहाटे झाडूवाले पलंगाला धक्का मारून उठवतात, मग नर्स येऊन विचारते, नींद अच्छी हुई? मग दिवसभर वाट बघायची. कशाची ते कोणी सांगत नाही. एक टिप देतो. स्वतःची उशी घेऊन जा. तिथली उशी नसून आठवण असते उशीची.

माझ्या शेजारी कदमकाका होते. किला गेटचे. त्यांचे पूर्वज दख्खनेतून घोड्यावर आले होते म्हणे. काकांचं टायर-पंक्चरचं दुकान आहे. त्यांना कानाखाली गाठ, मला गळ्यात.

"मतलब," काका म्हणाले, "तुझ्या-माझ्यात मिळून एक पूरी मुंडी बीमार आहे."

मी त्यांना सगळा वॉर्ड करून दाखवला. नर्स, झाडूवाला, राउंडला येणारे मोठे डॉक्टर. पाळकसाहेबांवर ते इतके हसले, की कानाला हात लावून म्हणाले, "बस कर, टूट जाएगा कुछ." रोज संध्याकाळी त्यांची फर्माइश, "वो खुर्चीवाला लगाओ." बसल्या जागी वेळ जायचा. नाहीतर माझा पाय पलंगाच्या लोखंडावर टकटक करत राहायचा आणि पलीकडून कोणीतरी शिवी द्यायचं.

काकांचं ऑपरेशन माझ्या आधी. सकाळी त्यांना हिरवा गाउन घातला. मुलगा कागद आणायला खाली गेलेला. स्ट्रेचर आलं, तसं काकांनी माझा हात धरला.

"अशू, वो प्रार्थना कर ना."

मी टाचांवर उंच झालो. अहं केलं. "हे दयाळू, कृपाळू..."

"ऐ." त्यांनी हात दाबला. "हँसने वाला नाही. सच्चा वाला."

मी तोंड उघडलं. पाळकसाहेब आले. त्यांना हटवलं तर आत्या आली. मग रेडिओवरचा एक बुवा आला. सगळे आले आणि मी त्यांना हटवत राहिलो. वॉर्डबॉय म्हणाला, जल्दी करो भाई. मी शेवटी म्हणालो, "देवा. हे... कदमकाका आहेत. यांना... सांभाळ ना. प्लीज. आमेन."

बस. एवढंच निघालं, तेही फाटक्या, बारीक आवाजात. स्टेजवर असतो तर लोकांनी चपला मारल्या असत्या.

काकांनी डोळे उघडले. "ये किसकी थी? पहचान में नहीं आई."

"माझी."

त्यांनी विचार केला. "खास नाही," म्हणाले, "पण चालेल." आणि स्ट्रेचर गेलं.

चूप

काका नीट आले, कानाभोवती पगडीएवढं बँडेज बांधून. दुसऱ्या दिवशी ऑपरेशनला मी गेलो.

शुद्धीवर आलो तेव्हा आई वाकून बघत होती. मी "आई" म्हटलं, पण निघाली हवा. परत म्हटलं, परत हवा. सायकलच्या ट्यूबमधून जाते तशी.

मॅडम म्हणाल्या, नस कटलेली नाही, पण दुखावली आहे. येईल आवाज. कधी? बता नहीं सकते. तोपर्यंत बोलायचं नाही. कुजबुजायचं तर बिल्कुलच नाही, त्याने जास्त ताण येतो. जे सांगायचं ते मोबाइलवर टाइप करा.

तुम्ही कधी गप्प राहून बघितलंय? मला वाटलं होतं, शांत वाटेल. उलट बाहेर बंद झालं आणि आत सगळे एकदम सुरू. फूफाजी, मास्तर, मॅडमचं "अक्सर". त्यात माझा स्वतःचा आवाज एकही नाही. आवाज गेला तर माझ्याकडे उरतं काय? दुकानात ग्राहकाला काय टाइप करून दाखवणार? म्हटलं, प्रार्थना करू. तर तीसुद्धा डोक्यात पाळकसाहेबच म्हणायला लागले, खुर्च्यांसकट.

आणि त्यात आत्या आली. डोक्यावरून हात फिरवला, रडली पण. मग म्हणाली, "बघ बाळा, देवाच्या सेवकाची टिंगल केलीस ना. देवाने जीभ बांधली. पश्चात्ताप कर, सोडेल तो."

आई डबा धुवत होती. डबा धुतल्याचा आवाज बंद झाला, नळ चालूच.

हे माझ्यात रुतून बसलं. कॅन्सरची भीती होतीच, पण ती डॉक्टरांकडे नेता येत होती. ही कोणाकडे नेऊ? देवच मला शोधून शोधून मारतोय, तर मी कोणाला सांगू की वाचव? कूस बदलता येत नव्हती, गळा ओढायचा. नुसता छताकडे बघत पाय हलवत पडलो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, आईने आत्याला "नाही, तसं नाही" म्हटलं नव्हतं. तिला पण तसंच वाटत असेल का?

पाळकसाहेब, ओरिजिनल

ते दुपारी आले. स्कूटरचं हेल्मेट मांडीवर घेऊन स्टुलावर बसले. मी टाइप केलं, "आत्या म्हणते ही शिक्षा आहे." त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि मोबाइल हातभर लांब धरून वाचलं.

"शिक्षा? कशाची?"

"तुमची नक्कल केल्याची."

"अहं." घसा साफ झाला. "तुझ्या नकलेचा व्हिडिओ माझ्या बायकोनेच मला पाठवला. खुर्च्यांचं बरोबर पकडलंस. पण मी बापाऽऽऽ इतकं लांबवतो?"

मी मान हलवली. हो.

"एवढं?"

हो.

ते जरा वेळ हेल्मेटची पट्टी चाळवत बसले. मग म्हणाले, "ज्याने खिळे ठोकणाऱ्यांना माफ केलं, तो माझ्यासारख्याची नक्कल केली म्हणून एका पोराची नस दुखवत बसेल? मग माझ्या प्रवचनात झोपतात त्यांचं काय करेल रे तो? अर्धं चर्च अंथरुणाला खिळायला हवं."

गळ्याचं ऑपरेशन झालेल्याला हसवू नये, हे भेटायला येणाऱ्यांनी लक्षात ठेवा. टाके ओढतात, डोळ्यातून पाणी येतं.

"एक सांग," ते म्हणाले. "माझी नक्कल बसवायला काय काय ऐकलंस?"

मी टाइप केलं, "तुमचा श्वास. कुठे थांबता ते. कशाला घाबरता ते."

शेवटचं त्यांनी परत वाचलं. "आणि मी सांगत काय होतो, ते?"

मी पंख्याकडे बघितलं.

"बघ. माझी तुला ओळख आहे. ज्याच्याबद्दल मी बोलत होतो, त्याची नुसती माहिती आहे. लाजू नको, मलाही बरीच वर्षं तेवढीच होती. माहितीवर नोकरी चालते." मग त्यांनी दाराकडे मान केली. "तुझी आई येते, ते तुला कशावरून कळतं?"

मला विचार करावा लागला नाही. "डब्याचं झाकण. ढिलं आहे. जिन्यापासून वाजतं."

"ती बोलायच्या आधीच कळतं ना? ओळख म्हणजे तेवढंच. आणि ती रोज येते. तू बोल, नको बोलू. देव विश्वासू आहे असं मी दर रविवारी म्हणतो, तेव्हा मला हेच म्हणायचं असतं. तूही तसा रोज जात जा त्याच्याकडे. बोलायला नसेल तर नुसता जा. बस. ऐक. ऐकायचं तर तुला शिकवायला नको."

मी टाइप केलं, "प्रार्थना करता?"

"मोठ्याने नाही. तू रियाज करशील."

ते डोळे मिटून बसले. थोड्या वेळाने त्यांची मान एका बाजूला कलली आणि ते घोरायला लागले. कदमकाका पलीकडून बघत होते. खुणेने विचारलं, घोरण्याची पण नक्कल करणार का? मी खुणेनेच म्हटलं, नाही. मी त्यांना ऐकत बसलो. सगळा वॉर्ड ऐकत बसलो. काकांचा कण्हण्याआधी अडकणारा श्वास. नर्सच्या थकलेल्या चपला. मग जिन्यात ते झाकण वाजलं, आणि आई दारात यायच्या आधी थांबली. रोज थांबायची ती. नाक पुसायची, श्वास घ्यायची, आणि मग हसत आत. हे मी इतके दिवस ऐकलंच नव्हतं.

चमत्कार वगैरे नाही. पाय हलायचा थांबला नाही. पण त्यानंतर मी रोज तसा जाऊन बसायला लागलो. म्हणजे मनात. सुरुवातीला पाळकसाहेब बोलायचे, मग कंटाळून गप्प व्हायचे. कधी कधी मग कोणीच बोलायचं नाही, आणि तरी एकटं वाटायचं नाही. याच्यापेक्षा जास्त मला सांगता येत नाही. काकांना रात्री पाणी लागलं तर त्यांच्याआधी मला कळायचं, मी घंटी दाबायचो. "तू झोपतोस कधी रे?" ते म्हणायचे.

उपकारस्तुती

आमच्यात कोणी दुखण्यातून उठलं की घरी उपकारस्तुतीची भक्ती ठेवतात. गीतं, प्रार्थना, मग बरं झालेल्या माणसाने उठून साक्ष द्यायची. मला बोलायला बंदी होती, अजून पुष्कळ दिवस. मॅडमने तपासल्याशिवाय एक शब्द नाही. आई म्हणाली, "साक्ष आत्या देईल तुझ्या वतीने. तू बसून राहा. फक्त बसून."

टेम्पोत मावणारे सगळे आले. कदमकाकाही आले, पेढे घेऊन, दाराशी बसले. आत्या उठली. तिने देवाचे उपकार मानले, मनापासून मानले. मग म्हणाली, "पण धडाही शिका. या मुलाने देवाच्या सेवकाची टिंगल केली, म्हणून देवाने याचा आवाज काढून घेतला. तो असाच देव आहे. त्याच्याशी खेळ नाही."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी आईकडे बघितलं. तिने मान खाली घातली होती आणि पदराचं टोक बोटाला इतकं गुंडाळलं होतं की बोट पांढरं पडलं होतं. तेव्हा कळलं. हॉस्पिटलपासून ही हेच घेऊन बसलीय. ज्या देवाला माझ्यासाठी रोज विनवतेय, त्यानेच मला मारलं असं समजून, आणि तरी विनवतेय.

मी उठलो. आईने मान वर करून डोळ्यांनीच दटावलं, बस खाली.

"नाही, आत्या."

आवाज निघाला! म्हणजे आवाज म्हणायचा तर. गंजलेलं गेट उघडतं तसा. मधे तुटला, परत लागला.

"तो तसा नाही. मी ओळखतो त्याला. थोडाच ओळखतो. पण तसा नाही, आई."

आत्या उभीच. मागे कोणीतरी हळू विचारलं, "हा कोणाचा आवाज काढला याने?"

दारातून कदमकाका म्हणाले, "किसी का नाही. इसका अपना है. हा मी ऐकलेला आहे."

पाळकसाहेबांनी घसा साफ केला, टाचांवर उंच झाले, आणि "आमेन" एवढंच म्हणाले. त्यांची एवढी छोटी प्रार्थना चर्चने पहिल्यांदाच ऐकली. समोशांपर्यंत लोक त्याबद्दलच बोलत होते. आत्याने समोसा घेतला नाही. पण जाताना माझ्या गळ्यावरच्या खुणेला हात लावून गेली.

आणि मग मला जी बोलणी बसली! लोक जिना उतरतायत तोवर आई सुरू. "एक गोष्ट सांगितली होती, एक! बसून राहा! देवाने नस ठेवली, डॉक्टरने नस ठेवली, आणि तू ती आत्याशी भांडायला वापरलीस? मोठ्या बाईला चारचौघांत नाही म्हणतोस? मग परत गेला आवाज तर मी कोणाकडे जाऊ?" ती ओरडत होती आणि रडत होती, आणि पदर मात्र बोटाचा सुटला होता.

दुसऱ्या दिवशी मॅडमकडे नेलं. त्यांनी घशात दुर्बीण घालून बघितलं आणि त्यांचा गोड आवाज कुठल्या कुठे गेला. "किससे पूछ के बोले? नस जाग रही है और आप भाषण दे रहे हैं? अब बिल्कुल चुप. समझे? न फोन, न गाना, न किसी की नक़ल."

पप्पांनी घाबरत विचारलं, "मैडम, प्रार्थना?"

"मन में कर लें."

मी मान डोलावली. आईने माझा कान धरला.

"मनातसुद्धा हळू आवाजात करायची," ती म्हणाली. "ऐकतोस ना?"